शिसं जळत नाही

हातमोज्यावरची ही तपकिरी धूळ पाहा. भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या विद्युत भट्टीच्या धुरातून ती गाळून काढलीय. पिठासारखी मऊ, पण तिच्यात जस्त आहे, शिसं आहे, कॅडमियम आहे. उघड्यावर पडली, तर पावसाबरोबर हे विष जमिनीत मुरू लागतं.

मग जाळून टाकायची? तेल जळतं, प्लास्टिक जळतं, कारण त्यांचे रेणू तुटतात. शिसं मूलद्रव्य आहे. कितीही आच द्या, ते शिसंच राहतं. आगीत फक्त त्याचं रूप बदलतं आणि जागा.

म्हणून आधी विचारायचं, कोण कधी उडणार? पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, कॅडमियम ७६७ला, जस्त ९०७ला. शिसं सुमारे १७५० अंशांपर्यंत तग धरतं. पण कचऱ्यात पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक, मिसळलेलं असेल, तर त्या क्लोरीनमुळे शिशाचं क्लोराइड होतं आणि ते ९५० अंशांच्या आसपासच उकळतं. कचरा वेगळा करण्याचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी.

ही लांबलचक, किंचित कललेली भट्टी संथ फिरतेय. आत ती धूळ आणि कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेलं इंधन; तापमान सुमारे १२०० अंश. कोकमुळे जस्ताच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून जातो. मोकळं झालेलं जस्त वाफ होऊन वर येतं, हवेशी भेट होताच पुन्हा ऑक्साइड बनतं आणि कापडी पिशव्यांच्या गाळणीत अडकतं. कचरा म्हणून आलेलं जस्त इथून कच्चा माल म्हणून बाहेर पडतं. या साऱ्या खटाटोपातलं मला सर्वात भावलेलं दृश्य हेच.

ज्यातून काही परत मिळवणं परवडत नाही, ती राख वाळूसोबत वितळवून तिची काच करतात. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या जाळ्यात धातू जखडला जातो. पण काच झाली म्हणून विश्वास ठेवायचा नाही. तिचे तुकडे करून सौम्य ॲसेटिक आम्लात सुमारे १८ तास घुसळायचे आणि त्या आम्लात किती शिसं उतरलं ते मोजायचं.

क्रोमियमचा धोका निराळा. भरपूर हवा आणि चुना मिळाला, तर तापलेल्या भट्टीत त्याचं विद्राव्य, कर्करोगकारक षट्संयुजी (सहा संयुजेचं) रूप तयार होऊ शकतं. म्हणजे आत गेलं त्याहून वाईट बाहेर.

आणि पारा? त्याची वाफ पिशव्यांतून निसटते. तिच्यासाठी धुरात सक्रिय कोळशाची भुकटी सोडतात. पारा प्यायलेला तो कोळसा आता या ड्रममध्ये भरला जातोय. ड्रमवर चिठ्ठी आहे: घातक कचरा.