केबल दोन, वाट एकच

मघाशी मागून प्रश्न आला, ‘सर्व्हरला स्टोरेजच्या दोन केबल जोडल्यात, आता काळजी कसली?’ मी उलट विचारतो, त्या दोन केबल पुढे जातात कुठे? बऱ्याचदा एकाच स्विचमध्ये. किंवा निघतात एकाच कार्डाच्या दोन पोर्टांतून. कार्ड बसलं की दोन्ही गेल्या. कार्ड, स्विच, स्टोरेजचा कंट्रोलर, सगळं वेगळं हवं. वीजसुद्धा! दोन स्विच कौतुकानं दाखवणारे आणि दोघांचे प्लग एकाच पट्टीत खोचणारे मी पाहिलेत.

आता सर्व्हरच्या नजरेनं बघा. दोन कार्डं, प्रत्येकातून दोन्ही कंट्रोलर दिसतात. लन, म्हणजे स्टोरेजनं सर्व्हरला दिलेली डिस्क, एकच, पण लिनक्सला डिस्का दिसतात चार: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की ही एकाचीच चार रूपं आहेत? मल्टिपाथ, म्हणजे या वाटा एकत्र बांधणारं लिनक्समधलं सॉफ्टवेअर, प्रत्येकीचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, वाचतो, तो जुळला की चौघींवर मिळून एकच डिव्हाइस उभं करतो, एमपाथए. माउंट करायचं, म्हणजे वापरायला जोडायचं, ते हेच. घाईत कुणी थेट एसडीबी माउंट केली, तर वाटा चार असूनही तुमचा सगळा भार एकीवरच.

खरी गोम मात्र वेळेत आहे. लिनक्सवरच्या आयस्कझीत, म्हणजे नेटवर्कवरून स्टोरेज जोडायच्या पद्धतीत, सेशन (सर्व्हर आणि स्टोरेजमधलं चालू बोलणं) तुटलं की ते पुन्हा जुळायची वाट बघण्याची मुदत मुळात १२० सेकंद असते. वाट एकच असेल तर हा धीर चांगला. मल्टिपाथ असताना तोच नडतो: शेजारची वाट मोकळी, आणि डेटाबेस दोन मिनिटं ताटकळत. मी ती ५ सेकंदांवर आणतो.

आणि सगळ्याच वाटा गेल्या तर? मल्टिपाथला ‘थांबून राहा’ सांगितलं असेल तर डिस्कवरचं लिहिणं रांगेत अडकतं, प्रोसेस डी स्टेटमध्ये जातात, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत गोठतात, आणि किल नाइन या सक्तीनं बंद करायच्या कमांडनंही हलत नाहीत. ‘लगेच हरलो म्हण’ सांगितलं तर फाइलसिस्टिम एरर खाते. मी मधलं धरतो: दर ५ सेकंदांनी तपासणी, १२ वेळा, म्हणजे साधारण मिनिटभर. स्टोरेजचा कंट्रोलर रीस्टार्ट व्हायला तुमच्याकडे जास्त वेळ घेत असेल तर आकडा वाढवा.

हे सगळं कागदावर. केबल हातानं ओढून पाहिल्याशिवाय मी कुठल्याही सेटअपवर सही करत नाही, आणि ओढतो तीही डिस्कवर लिहिणं चालू असताना. एका ठिकाणी मी पहिली ओढली, सगळं सुरळीत. परत लावली, पोर्टचा दिवा हिरवा झाला, लगेच दुसरी ओढली. सर्व्हर गारठला! दिवा सांगतो फक्त लिंक आल्याचं. सेशन अजून उभंच राहिलं नव्हतं. तेव्हापासून दुसऱ्या केबलला हात लावण्याआधी मी दिव्याकडे बघत नाही, मल्टिपाथच्या यादीत चारही ओळी ‘ॲक्टिव्ह रेडी’ दिसायची वाट बघतो.