मॅनेजर कोणाला उद्देशून ओरडतो?

(सोलापुरातील फुटबॉलप्रेमींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शनिवारी रात्री साडेआठचा इंग्लिश प्रीमियर लीगचा सामना साडेदहाच्या सुमारास संपतो आणि नव्या पेठेत, आसरा चौकात, होटगी रोडच्या कट्ट्यावर दुसरा सामना सुरू होतो. ‘काय बे, तुमचा मॅनेजर येडा झालाय का?’ ‘येडा नाही, पेटलाय. तुमचा बघ, एसटीची वाट बघत उभारल्यासारखा!’ मग कोणाचा मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, तापट, कोणाचा थंड, कोणाचा नाटकी यावर तासभर जातो. गोल कसा झाला हे तोवर सगळे विसरलेले असतात.

हा वाद चुकीच्या टोकाने धरलेला आहे, असं माझं म्हणणं आहे. नव्वद मिनिटांतले तुकडे कॅमेरा आपल्याला दाखवतो, आणि तेही बहुतेक गोल झाल्यावर किंवा शिट्टी वाजल्यावरचे. त्यावरून माणसाचा स्वभाव सांगणं म्हणजे वरातीत नाचताना पाहून नवऱ्याच्या मित्राची कुंडली मांडणं. स्वभाव सोडा. हा माणूस आत्ता कोणाला उद्देशून हातवारे करतोय, तेवढं बघा. त्याच्या समोर आपले खेळाडू आहेत, शेजारी चौथा पंच आहे, पलीकडे प्रतिस्पर्ध्याचा बाक आहे आणि पाठीमागे प्रेक्षक. यातल्या प्रत्येकाशी बोलण्याचा हिशेब वेगळा असतो.

आधी जागा समजून घेऊ. मॅनेजरने उभं राहायची जागा म्हणजे टेक्निकल एरिया: बाकांच्या दोन्ही टोकांपासून १ मीटर बाहेर आणि पुढे टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेच्या, १ मीटर अलीकडेपर्यंतचा पट्टा. डावपेचाच्या सूचना एका वेळी एकानेच द्यायच्या असतात. मोठ्या स्पर्धांतलं मैदान सहसा १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. म्हणजे जवळच्या बाजूचा बॅक (कडेचा बचावपटू) मॅनेजरपासून पाचएक मीटरवर असेल, तर पलीकडच्या बाजूचा विंगर (कडेचा आक्रमक) साठ मीटरवर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवरून साठ मीटरवर जाईपर्यंत तो सुमारे २२ डेसिबलने पडलेला असतो, आणि वर पन्नास हजार लोकांचा गोंगाट. आपल्या गड्डा यात्रेत होम मैदानावर पाळण्याखाली उभं राहून शेजारच्याला हाक मारा, तो वळेल. चार दुकानं पुढे गेलेल्याला हाक मारा, नुसता घसा बसेल.

तरी मॅनेजर ओरडतोच. का?

खेळाडूंपर्यंत सूचना पोचवायची तर वाटा मोजक्या आहेत. पहिली वाट जवळच्या खेळाडूची. त्याला सांगायचं, त्याने पुढच्याला सांगायचं. यात कानगोष्टीचा खेळ होतो: ‘आठ नंबरला सोडू नको’ असं निघालेलं वाक्य तिसऱ्या माणसापर्यंत ‘आठ नंबरला सोड’ होऊन पोचतं. म्हणून अनुभवी मॅनेजर बोटांच्या खुणा ठरवून ठेवतात. दुसरी वाट खेळ थांबण्याची. कोणी जखमी झालं, व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णयाची, तपासणी चालू झाली, की कर्णधाराला किंवा मधल्या फळीतल्या खेळाडूला रेषेपाशी बोलावायचं. अलीकडे गोलकीपर मध्येच पाय धरून खाली बसतो आणि अख्खा संघ पाणी प्यायला बाकाजवळ जमतो, तो हाच प्रकार. फुटबॉलमध्ये टाइम-आउट नसतो, म्हणून तो असा उकरून काढायचा. तिसरी वाट बदली खेळाडूची, हातात चिठ्ठी देऊन. पाच बदली खेळाडू मिळतात, पण त्यासाठी खेळ थांबवण्याच्या संधी तीनच. मध्यंतर त्यात धरत नाहीत. त्यामुळे पंचावन्नाव्या मिनिटाला रागाच्या भरात एकच खेळाडू बदलला, तर एक संधी तिथेच जळाली.

आता यातली मेख सांगतो. चेंडू जवळच्या बॅकच्या आसपास असताना मॅनेजर त्यालाच ओरडला, तर तो दोन सेकंद मान वळवतो आणि तेवढ्यात समोरच्या संघाचा विंगर त्याच्या पाठीमागून निसटतो. म्हणून जाणता मॅनेजर जवळच्या खेळाडूशी बोलतो ते चेंडू पलीकडच्या बाजूला असताना. पुढच्या सामन्यात हे तपासा. मॅनेजर ओरडला की त्याच्याकडे बघू नका, चेंडू कुठे आहे ते बघा. चेंडू दूर असेल तर तो शिकवतोय. चेंडू समोरच असेल तर तो स्वतःचा ताण हलका करतोय, आणि त्याची किंमत बॅक मोजतोय.

चौथ्या पंचाची गोष्ट याहून रंजक आहे. तो दोन्ही टेक्निकल एरियांच्या मध्ये उभा असतो. फाउल तो देत नाही. जादा वेळेचा फलक तो उचलतो, पण वेळ ठरवतो मुख्य पंच. मग त्याच्याशी इतकी हुज्जत कशाला? कारण त्याच्या कानात यंत्र असतं आणि मुख्य पंचाशी त्याचं बोलणं चालू असतं. इथे आलेली तक्रार हा फाउल परत आणत नाही, पुढच्या फाउलची मशागत करते. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर होते. शेवटच्या मिनिटांत ते मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटायचे. ती खूण पंचासाठी होतीच, पण समोरच्या संघालाही दिसायची: अजून बराच वेळ आहे, आम्ही येतोय.

या दबावाला लगाम म्हणून २०१९ पासून नियमातच मॅनेजर आणि सहायकांना पिवळं व लाल कार्ड आलं. यातले बारकावे चाहत्यांना सहसा माहीत नसतात. चुकून रेषेबाहेर पाऊल पडलं, निर्णयावर जरा कुरकुर केली, तर फक्त समज मिळते. उपरोधाने टाळ्या वाजवल्या, पुन्हा पुन्हा कार्डाची मागणी केली, व्हीएआर मागायला हवेत टीव्हीचा चौकोन काढून अतिरेक केला, तर पिवळं. पंच पडद्यावर तपासणी करतो त्या जागेत शिरला तरी पिवळं. रागाने पाण्याची बाटली लाथाडली तर पिवळं; तीच बाटली मुद्दाम मैदानात भिरकावली तर थेट लाल. बाटली एकच, ती पडते कुठे यावर रंग ठरतो. आणि बाकावरून कोण काय बोललं हे कळलं नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला. ‘ओरडला सहायक आणि कार्ड मॅनेजरला’ हा अन्याय नाही, नियम आहे. ऑगस्ट २००९ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर अगदी शेवटी आर्सेनलचा गोल ऑफसाइड ठरून रद्द झाला, त्यांचे मॅनेजर आर्सेन वेंगर यांनी बाटली लाथाडली आणि त्यांना बाहेर काढलं. जायला जागा सापडेना म्हणून ते बाकामागे युनायटेडच्या प्रेक्षकांत, हात पसरून, उभे राहिले. तेव्हा कार्डांची पायरीच नव्हती. आज त्या लाथेला पहिल्यांदा पिवळं मिळालं असतं.

समोरच्या बाकाशी भांडण हा मात्र निव्वळ घाट्याचा धंदा. १४ ऑगस्ट २०२२ ला चेल्सी विरुद्ध टॉटनहॅम २-२ सुटला. पहिल्या बरोबरीनंतर चेल्सीचे थॉमस ट्युशेल आणि टॉटनहॅमचे अंतोनिओ कॉन्ते भिडले, दोघांना पिवळं. सामना संपल्यावर हस्तांदोलन करताना हात सुटेना, दोघांना लाल. पुढे ट्युशेलला ३५ हजार पौंड दंड आणि एका सामन्याची बंदी, कॉन्तेला १५ हजार. गुणतक्त्यात दोघांना एकेकच गुण. पोर्तुगीज मॅनेजर जोसे मोरिन्यो यांनी २०११ मध्ये बार्सिलोनाचे सहायक तितो विलानोवा यांच्या डोळ्यात बोट घातलं आणि २०२५ मध्ये तुर्कस्तानात गालातासरायच्या मॅनेजरचं नाक चिमटलं. चौदा वर्षांत डोळ्यावरून नाकावर, एवढीच प्रगती.

मोरिन्योंना केवळ तमाशेबाज म्हणणारे मात्र चुकतात. ९ मार्च २००४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर पोर्तोच्या कोस्तिन्याने नव्वदाव्या मिनिटाला गोल केला आणि तेव्हा पोर्तोचे मॅनेजर असलेले मोरिन्यो टचलाइनवरून धावत सुटले. ती धाव कोणासाठी होती? स्वतःच्या खेळाडूंसाठी आणि उरलेल्या युरोपसाठी. त्या वर्षी पोर्तोने चॅम्पियन्स लीग, ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. बंदी चुकवण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरणार नाही: २००५ मध्ये चेल्सीचे मॅनेजर असताना, बायर्न म्युनिकविरुद्धच्या सामन्यात बंदी असताना ड्रेसिंग रूममध्ये जाण्यासाठी ते धुण्याच्या टोपलीत लपले होते. पुढे त्यांनीच हे कबूल केलं.

प्रेक्षकांशी बोलणाऱ्यांत दिएगो सिमेओने अव्वल. डिसेंबर २०११ पासून अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे आहेत आणि कॉर्नर मिळाला की मैदानाकडे पाठ करून दोन्ही हात वर-खाली करत प्रेक्षागृह उठवतात. इथे एकाही खेळाडूला सूचना मिळत नाही, पण समोरच्या गोलकीपरला आपल्या बचावपटूंचा आवाज ऐकू येईनासा होतो. याला मी नाटक म्हणणार नाही, हा डावपेच आहे. स्वतःच्या मैदानावर, खेळ थांबलेला असतानाच तो चालतो. परक्या मैदानावर हेच केलं तर उलट्या गर्दीला फुंकर.

आता किंमत. आर्सेनलच्या मिकेल आर्तेता यांचं उदाहरण घ्या. ५ डिसेंबर २०२३, ल्युटनविरुद्ध सत्त्याण्णवाव्या मिनिटाला डेक्लन राइसचा विजयी गोल, ४-३. आर्तेता जल्लोषात हद्द सोडून धावले आणि मोसमातलं तिसरं पिवळं कार्ड घेतलं. तीन पिवळी म्हणजे एका सामन्याची बंदी. चारच दिवसांनी अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध ते प्रेक्षागृहात बसले आणि संघ १-० हरला. ते खाली असते तर जिंकले असते असं मी म्हणणार नाही, कारण उलटा दाखला आपल्या घरचाच आहे.

आपल्या स्टेशनावरून उद्यान एक्स्प्रेस जिथे जाते त्या बेंगळुरूत २१ जून २०२३ ला भारत-पाकिस्तान सामना झाला, दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ चषकाचा. भारत पुढे असताना पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेत होता आणि भारताचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी त्याच्या हातातला चेंडू उडवला. प्रतिस्पर्ध्याला खेळ सुरू करण्यापासून अडवणं म्हणजे लाल कार्ड. इथे पंचाला पर्यायच नव्हता. कट्ट्यावर अर्ध्या लोकांनी ‘देशप्रेम’ म्हणून टाळ्या दिल्या. भारत ४-० जिंकला, म्हणून चालून गेलं. नेपाळविरुद्ध सहायक महेश गवळी यांनी संघ सांभाळला, २-० विजय. कुवेतविरुद्ध स्टिमाच परत आले, परत लाल कार्ड. मग उपांत्य सामना लेबनॉनशी आणि अंतिम सामना पुन्हा कुवेतशी, दोन्ही गवळींच्या हाताखाली, दोन्ही पेनल्टी शूटआउटवर जिंकले. म्हणजे त्या स्पर्धेत मुख्य प्रशिक्षकाविना भारत तीन सामने खेळला आणि तिन्ही जिंकला. आठवडाभराचा सराव, कोण कुठे उभा राहणार, पेनल्टी कोण घेणार, ही कामं सामन्याआधी झालेली असतात. टचलाइनवर उरतं ते थोडं.

त्याच वर्षी मार्चमध्ये, त्याच शहरात, इंडियन सुपर लीगमध्ये बेंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीने पटकन घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला म्हणून केरला ब्लास्टर्सचे इव्हान वुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. त्यांना दहा सामन्यांची बंदी आणि ५ लाख दंड, क्लबला ४ कोटी. केरळच्या चाहत्यांसाठी ते हिरो झाले. बाद फेरीतला सामना मात्र गेला तो गेलाच.

थंड मॅनेजरचं काय? कार्लो अँचेलोटी फार तर भुवई उचलतात, आणि मॅनेजर म्हणून पाच चॅम्पियन्स लीग त्यांच्या नावावर आहेत: २००३, २००७, २०१४, २०२२, २०२४. टचलाइनवर पिसाळणारे कॉन्ते युव्हेंटस, चेल्सी, इंटर आणि नापोली अशा चार क्लबांना लीग जिंकून देतात. तापमापक लावून विजेता ओळखता येत नाही.

शेवटी आपल्या मैदानांविषयी, कारण शाळांच्या आणि क्लबांच्या स्पर्धांत टीव्हीवरचं सगळं जसंच्या तसं उतरतं. रेषा मारताना फक्की थोडी जास्त घ्या आणि टेक्निकल एरियाही आखा. चौकट दिसली नाही की प्रशिक्षक कॉर्नरपर्यंत चालत जातो. बाक पश्चिमेला ठेवा, म्हणजे संध्याकाळचं ऊन पाठीवर येईल. डोळ्यांवर ऊन आलेला प्रशिक्षक दुप्पट चिडतो. पालकांना समोरच्या बाजूला, दोरीमागे बसवा. बाकामागे बसवलंत तर मुलाला तीन प्रशिक्षक होतात. सूचना एका शब्दाच्या ठेवा आणि आधी ठरवा. आपल्याकडे एकाच संघात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं असतात. घाईत प्रत्येकाच्या कानाला आपलीच भाषा लागते. ‘आत’ हा शब्द टाळा, लांबून तो ‘हात’ ऐकू येतो आणि पोरगं हँडबॉल समजून थांबतं. ‘मध्ये’ म्हणा.

आणि नाणेफेक. ती जिंकणाऱ्याला पहिल्या सत्रात कोणत्या गोलवर हल्ला करायचा हे निवडता येतं, किंवा किक-ऑफ घेता येतो. बाक जागच्या जागी राहतात, बाजू बदलतात. त्यामुळे एका सत्रात तुमची बचावफळी तुमच्या बाकासमोर असते, दुसऱ्या सत्रात आक्रमणाची फळी. बचावपटू नवखे असतील तर पहिल्या सत्रात बाकाच्या बाजूच्या गोलवर हल्ला घ्या. म्हणजे दुसऱ्या सत्रात, पाय थकलेले आणि डोकं चालत नसलेलं असताना, ती पोरं तुमच्या आवाजाच्या टप्प्यात येतील. पलीकडच्या बाजूच्या दोघातिघांना मात्र जे सांगायचं ते मध्यंतरातच सांगून टाका, त्यांना नंतर काही ऐकू येणार नाही.