गाडी थांबते, पण सांगत नाही

नमस्कार श्रोतेहो.

वीस-पंचवीस वर्षं अवजड ट्रक चालवलेल्या कुठल्याही चालकाला नव्या गाडीबद्दल विचारून पाहा. केबिन चांगली आहे, स्टिअरिंग हलकं आहे, इंजिनाचा आवाज आत येत नाही, एवढं तो लगेच मान्य करेल. आणि मग म्हणेल, "पण भरवसा नाही." जुनी गाडी बिघडण्याआधी कुरकुरायची. धुराचा रंग बदलायचा, आवाज जड व्हायचा, पायाखाली थरथर लागायची. मिस्त्रीकडे जायचं की मुक्कामापर्यंत ओढायचं, हे ठरवायला चालकाला वेळ मिळायचा. नव्या गाडीत पिवळा दिवा लागतो आणि पुढच्या चढावर गाडी दम सोडते. का, ते कळत नाही.

आज या तक्रारीबद्दलच बोलायचं आहे. ती खरी आहे. फक्त तिच्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत: काही दोष खरोखर गाडीचे आहेत आणि काही आपल्या हाताला बसलेल्या जुन्या सवयींचे. दोन्ही वेगळे केले की बरीच थांबणी टळतात.

सुरुवात सायलेन्सरपासून करू, सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडतात. गाडीच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम कडक झाले: युरोपात २०१४ पासून अवजड गाड्यांना युरो ६ आणि भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं. तेव्हापासून इंजिनाच्या मागे धूर स्वच्छ करणारी दोन मोठी यंत्रं आहेत. एक काजळी अडवतं, त्याला डीपीएफ म्हणतात. दुसरं नायट्रोजनचे विषारी वायू मोडतं, ते एससीआर. त्याच्यासाठीच आपण युरिया भरतो.

डीपीएफ म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी. तिची नळकांडी आळीपाळीने एका टोकाला बंद असतात, म्हणून धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी आत राहते. ही काजळी जाळावी लागते. माल भरलेली गाडी तासन्‌तास लांब रस्त्यावर ओढत असेल, तर धूर आपोआप २५० ते ४०० अंशांपर्यंत तापतो आणि काजळी हळूहळू जळत राहते, चालकाला पत्ताही लागत नाही. पण गाडी रिकामी, फेऱ्या छोट्या, माल चढवताना इंजिन तासभर चालूच, अशी परिस्थिती असेल तर ती उष्णता कधी तयारच होत नाही. मग गाडी स्वतः जास्तीचं डिझेल खर्चून धूर ५५० ते ६०० अंशांवर नेते. यालाच आपण रीजन म्हणतो.

चूक होते ती इथेच. रीजन चालू असताना मुक्काम आला म्हणून चावी फिरवली जाते. असं चार-पाच वेळा झालं की जाळी भरते आणि गाडी दम सोडते. शिवाय ज्या इंजिनांत हे जास्तीचं डिझेल थेट सिलिंडरमध्ये उशिरा सोडलं जातं, तिथे त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून नव्या गाडीत डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी, दोन्ही बाजूंनी वाचायला हवी. ऑइल कमी झालं तर काळजी, आणि न भरता वाढलं तर जास्त काळजी. काडीला डिझेलचा वास आला तर ते ऑइल पातळ झालं आहे, बेअरिंग खाणार आहे. बदला.

उभ्या गाडीत रीजन करायचं झालं तर साधारण अर्धा तास धरून चाला, कधी त्याहून जास्त. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा आणि जागा नीट पाहा. वाळलेलं गवत, ताडपत्री, पेंढा, दुसऱ्या गाडीची टाकी, यांतलं काहीही सायलेन्सरच्या तोंडाजवळ नको. धूर कागद पेटवण्याइतका तापलेला असतो. आणि एकदा सुरू केलं की पुरं होऊ द्या.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून आणि ती जाळीत कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. पुस्तिकेत दिलेला दर्जा डब्यावर आहे का, हे पाहूनच भरा. स्वस्त म्हणून जुन्या दर्जाचं ऑइल भरलं तर इंजिन गोड चालतं, पण जाळी वेळेआधी बुजते, आणि ती राख कितीही रीजन केलं तरी निघत नाही. जाळी काढून यंत्रावर साफ करावी लागते.

आता युरिया. हे द्रावण म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी. ते उणे ११ अंशांना गोठतं. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो अमोनिया विषारी वायूचं साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर करतो. धूर सुमारे २०० अंशांच्या वर असेल तरच हे नीट जमतं. थंड धुरात युरिया फवारला गेला तर तो पांढऱ्या खड्यासारखा नळीत साचतो. छोट्या फेऱ्यांच्या गाड्यांत फवारणीच्या नोझलवर पांढरी पापडी दिसते ती हीच. सुरुवातीची पापडी कोमट पाण्याने विरघळते. ती पान्याने ठोकून काढू नका, नोझलचं भोक बिघडतं.

एक सवय मात्र आजच लावून घ्या. इंजिन बंद केलं की लगेच बॅटरीचा मेन स्विच पाडू नका. चावी काढल्यावर मागे बारीक घरघर ऐकू येते. पंप नळीतला उरलेला युरिया ओढून टाकीत परत नेत असतो. त्याला एक-दोन मिनिटं लागतात. घरघर थांबली की मगच स्विच पाडा. जुन्या गाडीत उतरल्या उतरल्या मेन स्विच पाडणं ही चांगली सवय होती. नव्या गाडीत तीच नळीत युरिया वाळवते, आणि आठवड्याभराने पंप गेला असं निदान होतं.

युरिया भरताना डिझेलचं किंवा ऑइलचं नरसाळं वापरू नका. कमी पडला म्हणून नळाचं पाणी घालू नका. त्यातली खनिजं एससीआरच्या आतला थर मारतात, आणि हा गाडीतल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक आहे. डबा उन्हात ठेवू नका. तीस अंशांच्या आत तो वर्षभर टिकतो, त्याहून तापत राहिला तर लवकर खराब होतो. खपाची वही ठेवा. शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार ते सहा लिटर युरिया लागतो. गाडीचा नेहमीचा आकडा पाच असेल आणि अचानक दोनवर आला, तर फवारणी अडकते आहे. दिवा लागण्याआधी वहीने सांगितलं.

याच व्यवस्थेबद्दल चालकांचा सर्वांत मोठा राग आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे. युरिया संपला किंवा धूर मोजणारा सेन्सर गेला की गाडी शिक्षा करते. युरो ६ च्या नियमांत आधी इशारा, मग ताकद २५ टक्के कमी आणि शेवटी ताशी २० किलोमीटरची मर्यादा आहे. नियम असा का केला ते समजतं. अशी सक्ती नसती तर युरिया भरण्याचं टाळणारे पुष्कळ निघाले असते. पण टाकी रिकामी ठेवणारा आणि वायर तुटल्यामुळे अडकलेला, हे दोघे गाडीला जवळपास सारखेच दिसतात. ज्याने काहीच चूक केली नाही तो भर रस्त्यावर भरल्या मालासह वीसच्या वेगाने रांगत राहतो आणि मागून येणाऱ्यांसाठी धोका होतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ही शेवटची पायरी सहसा चालत्या गाडीत लागत नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू केली, डिझेल भरलं किंवा ती बराच वेळ उभी राहिली की लागते. म्हणून असा इशारा दिसत असेल तर आडबाजूला, घाटाच्या पायथ्याशी इंजिन बंद करू नका. मदत मिळेल अशा जागी पोचा.

सेन्सर इतके का जातात? धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मोजणाऱ्या सेन्सरचं टोक चिनीमातीचं असतं आणि ते शेकडो अंशांपर्यंत तापवलेलं असतं. थंड सायलेन्सरमध्ये साचलेल्या पाण्याचा थेंब त्याच्यावर उडाला की ते तडकतं. पण 'सेन्सर गेला' म्हणून बदललेल्या पुष्कळ सेन्सरांत सेन्सर चांगला असतो. दोष असतो तो वायरीत, सॉकेटमध्ये, बॅटरीत.

आता बॅटरी. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या असतात. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी, चालू करण्याआधी, दोन्ही मिळून २५.२ ते २५.६ व्होल्ट दिसायला हवेत. साडेचोवीसच्या खाली म्हणजे निम्म्या उतरल्या. सेल्फ मारताना व्होल्ट १८ च्या खाली गेले तर डबे, म्हणजे कंट्रोल युनिट, गाडीतले छोटे संगणक, क्षणभर झोपतात आणि उठल्यावर आठ-दहा खोट्या तक्रारी नोंदवतात. टेप किंवा चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्टची वायर काढणं ही तर सर्रास चाल. त्यामुळे एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. बारा व्होल्ट हवेत तर कन्व्हर्टर लावा. बॅटऱ्या बदलाल तेव्हा जोडीने बदला. आणि चॅसीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडा, कंट्रोल युनिटचे सॉकेट काढा, वेल्डिंगची अर्थ वायर वेल्डच्या अगदी जवळ लावा.

सेन्सर चांगला असूनही दिवा लागतो, याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे एबीएसचा, ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या व्यवस्थेचा, दिवा. गाडी सुटताना दिवा विझतो आणि वीस-तीसच्या वेगाला पुन्हा लागतो. चाकाचा सेन्सर दाती रिंगपासून मागे सरकलेला असतो. तो एका स्प्रिंगच्या बुशीत घट्ट बसवलेला असतो. हाताने रिंगला टेकेपर्यंत आत दाबला की चाक फिरताना तो स्वतःच हवं तेवढं अंतर घेतो. महिन्याभरात पुन्हा मागे आला तर सेन्सरला दोष देऊ नका. हबच्या बेअरिंगला खेळ आहे आणि रिंग हलून त्याला ढकलते आहे. ते बेअरिंग तपासणं दिव्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

ऑटोमॅटिक गिअरबद्दल थोडक्यात. क्लचचं पॅडल गेलं, क्लच प्लेट गेलेली नाही. या एएमटी, म्हणजे यंत्राने गिअर बदलणाऱ्या, गाड्यांत आत तीच कोरडी प्लेट असते, फक्त दाबणारा पाय यंत्राचा. चढावर रांगेत उभं असताना अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर प्लेट जळते. ब्रेकवर थांबा, पुढे अंतर पडू द्या, पहिला गिअर हाताने निवडा आणि मग एका दमात निघा. चढ सुरू होण्याआधी मॅन्युअलवर या, कारण बऱ्याच गाड्यांना चढ अंगावर आल्यावरच कळतो. मग त्या चढाच्या मध्यात गिअर बदलतात आणि वेग घालवतात. उतारालाही आधीच खालचा गिअर घ्या, इंजिन ब्रेक वरच्या आरपीएमलाच धरतो. गिअर पडत नसेल तर आधी हवेच्या दाबाचा काटा पाहा.

आपोआप लागणाऱ्या ब्रेकची तक्रारही येते. वळणावर काही नसताना गाडी ब्रेक मारते. बंपरमागच्या रडारवर चिखल आहे का ते पाहा. बंपर ठोकून सरळ केला असेल तर रडारची दिशा पुन्हा लावून घ्या. ही व्यवस्था कायमची बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही.

राहिली मूळ तक्रार: गाडी सांगत नाही. खरं म्हणजे ती सांगते, पण अर्धं. अवजड गाड्यांचे कंट्रोल युनिट 'जे-१९३९' (J1939) नावाच्या एकाच बोलीत बोलतात. तक्रारीचे दोन मुख्य आकडे असतात, एसपीएन आणि एफएमआय. पहिला सांगतो दुखणं कुठे आहे, दुसरा सांगतो काय प्रकारचं आहे. एसपीएन १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० कूलंटचं तापमान, १११ कूलंटची पातळी, १७६१ युरियाची पातळी, ३२५१ डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, ३२२६ सायलेन्सरच्या शेवटचा, नायट्रोजनचे विषारी वायू मोजणारा सेन्सर. एफएमआय ३, ४ किंवा ५ असेल तर दुखणं विजेचं आहे: वायर तुटली, घासली किंवा सॉकेटला हिरवा गंज चढला. एफएमआय ० किंवा १ असेल तर मोजलेला आकडाच धोक्याइतका वर किंवा खाली गेला आहे. ऑइलच्या दाबाला १ आला तर इंजिन जागेवर बंद करा. पण त्याच १०० ला ४ आला, तर काडीवर ऑइल पाहून, इंजिनाचा आवाज ऐकून, आधी वायर तपासायची.

बऱ्याच गाड्यांत हे आकडे डिस्प्लेच्या मेन्यूत खोलवर असतात, काहींत फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर दिसतात. हे मला मान्य नाही. भरलेली गाडी चालवण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्यापासून गाडीचं दुखणं लपवून ठेवायचं काही कारण नाही. गाडी घेताना मालकाने विचारावं: कोड चालकाला डॅशबोर्डवर दिसतात का, आणि त्यांची यादी पुस्तिकेत आहे का?

तोवर केबिनमध्ये एक वही ठेवा. दिवा लागला की तारीख, किलोमीटर, दोन्ही आकडे, इंजिन थंड होतं की गरम, चढ होता की सपाट, पाऊस होता का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, एवढं लिहा. दाबाच्या पाण्याने धुतल्यावर दुसऱ्या दिवशी लागलेला दिवा सेन्सर न बदलताही विझतो. सॉकेट उघडा, वाळवा, पिना पाहा, पुन्हा टक आवाज येईपर्यंत दाबा. आणि वही गाडीतच राहू द्या, उद्या त्या सीटवर दुसरा चालक बसणार आहे.

नमस्कार.