बाळाचा फोटो आणि वाटीभर खिमट

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे घरी काढलेल्या बाळाच्या फोटोबद्दल, आणि त्याच दिवशीच्या स्वयंपाकाबद्दल. घरोघर जाऊन लहान मुलांचे फोटो काढणाऱ्या कुणालाही विचारा. तो सांगेल की अर्धा फोटो स्वयंपाकघरात ठरतो. पोट भरलेलं, झोप झालेली असेल तर मूल वीसेक मिनिटं छान साथ देतं. भुकेलं असेल तर जगातला कुठलाही कॅमेरा उपयोगाचा नाही.

आधी उजेड. घरातली अशी खिडकी निवडा जिथून उजेड येतो, पण उन्हाचा पट्टा आत पडत नाही. उत्तरेची असेल तर दिवसभर चालते. पूर्वेची असेल तर ऊन सरकेपर्यंत थांबा, नाहीतर तिच्यावर पांढरं मलमल किंवा जुनं धोतर लावा. ग्रिलच्या सावल्या चेहऱ्यावर येत असतील तर त्याही या कापडाने जातात. आपल्या नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. वाड्याच्या चौकातून ओसरीवर येणारा उजेड इतका मऊ असतो की तसा उजेड पाडायला स्टुडिओत मोठे दिवे आणि छत्र्या लावाव्या लागतात.

बाळाला खिडकीपासून ३-४ फुटांवर बसवा, खिडकी त्याच्या एका बाजूला. खिडकीला अगदी खेटून बसवलं तर एक गाल पांढराफटक होतो आणि दुसरा काळवंडतो. आता त्या दुसऱ्या गालाच्या बाजूला, २ फुटांवर, कुणीतरी पांढरी चादर ताणून धरायची. साधी, पांढरी चादर. फुलांची नको, क्रीम रंगाची नको, कारण चादरीचा जो रंग असेल तोच बाळाच्या गालावर उतरतो. भिंतीचंही तेच. पोपटी भिंतीजवळ बसवलेलं मूल फोटोत आजारी दिसतं. आणि खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की नंतर कॉम्प्युटरवर बसूनही ते नीट वेगळे करता येत नाहीत. पुन्हा सांगते: खिडकी एका बाजूला, पांढरी चादर दुसऱ्या बाजूला, दिवे बंद.

कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला हवा, म्हणजे फोटो काढणाऱ्याने जमिनीवर पालथं पडायचं. उभ्याने काढला की डोकं मोठं आणि पाय काडीसारखे दिसतात. बसणाऱ्या मुलासाठी शटर, म्हणजे फोटो टिपताना कॅमेरा उघडा राहतो तो वेळ, सेकंदाचा २५०वा भाग, रांगणाऱ्यासाठी ५००वा. अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत सोडणाऱ्या भोकाचा आकडा) २.८ ते ४ च्या दरम्यान, आणि फोकस कॅमेऱ्याला जवळ असलेल्या डोळ्यावर. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, १६०० पर्यंत बिनधास्त चढवा. थोडे दाणे दिसले तर दिसू देत, हललेला चेहरा मात्र नंतर कशानेही सुधारत नाही. मोबाईलने काढणाऱ्यांनी बाळाच्या तोंडाशी जाऊ नये. ४-५ फूट मागे येऊन दुप्पट झूम करावं. जवळून काढलं की नाक उगाच मोठं येतं.

बाळाला हाक मारणारा माणूस एकच असावा, आणि तो कॅमेऱ्याच्या बरोबर मागे. आजी डावीकडून, आत्या उजवीकडून आणि काका दारातून हाका मारू लागले की मूल आढ्याकडे बघतं. हातात काही द्यायचं तर लाकडी रवी द्या. स्टीलची वाटी नको, तिच्यावरून उजेडाचे ठिपके गालावर नाचतात. आणि कृपा करून मोबाईलवर गाणं लावून समोर धरू नका. नजर खाली जाते, चेहऱ्यावर निळी झाक येते. जेवतानाही तेच. मोबाईल बघत भरवलेल्या मुलाला आपण काय खातोय हेच कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वाटी. सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी त्या दिवशी खिमट करा. २ वाट्या तांदूळ, १ वाटी मूगडाळ, धुऊन सावलीत वाळवायची, मंद आचेवर तांदूळ फुलेपर्यंत भाजायची आणि मिक्सरवर रवाळ काढायची. २ चमचे भरड अर्धी वाटी गार पाण्यात आधी कालवा आणि मग १ वाटी उकळत्या पाण्यात ओता. कोरडी भरड थेट उकळत्या पाण्यात टाकली की वरचं पीठ लगेच शिजतं, आत कोरडं राहतं, आणि त्यालाच आपण गुठळ्या म्हणतो. ८ ते १० मिनिटं ढवळत शिजवा. चिमूटभर जिरेपूड, नखाएवढा हिंग, वर तूप. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ नको. आणि त्या दिवसापुरती हळदही नको! हळदीची पिवळी कड ओठांभोवती राहते; डोळ्यांना ती दिसत नाही, पण फोटोत लगेच दिसते. नाचणीसत्त्व ओठांच्या कोपऱ्यात काळपट बसतं. बिटाबद्दल तर बोलायलाच नको. खाऊ घालून झाल्यावर वीसेक मिनिटं बाळाला उभं धरा, मग फोटो. पोटभर खाल्लेल्या बाळाला लगेच पालथं घातलं की नवं झबलं गेलंच म्हणून समजा.

फोटोग्राफरचं स्वतःचं जेवण हा मात्र कायमचा गोंधळ. कामावरून यायची वेळ ठरलेली नसते. आल्यावर कार्डातले फोटो कॉम्प्युटरवर आणि दुसऱ्या डिस्कवर उतरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात जे होईल तेच जेवण. इथेही तीच भरड कामाला येते. १ वाटी भरड, तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, सुकी मिरची, असेल तर कांद्याची पात, ३ वाट्या आधणाचं पाणी, मीठ, आणि झाकण ठेवून १० मिनिटं. इथे भरड आधी फोडणीत परतलेली असते, प्रत्येक कणाला तेल लागलेलं असतं, म्हणून उकळतं पाणी घातलं तरी गुठळ्या होत नाहीत. पाण्याच्या जागी निम्मं ताक घातलं तर आणखी छान. टोमॅटो घालू नका. हल्ली प्रत्येक पदार्थात टोमॅटो घालायची जी सवय लागली आहे, तिने पिठल्यापासून वरणापर्यंत सगळ्याची चव एकच झाली आहे.

आता चादरीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आणि ती आपल्या नाशिकची आहे.

दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. जन्म १८७० चा. सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफर होते. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. १९१२ साली ते लंडनला जाऊन सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले, आणि भांडवल उभं करायला त्यांनी काय दाखवलं? वाटाण्याचं रोप! कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर बी रुजलं, कोंब आला, वेल झाला, सगळं मिनिटभरात. ते पाहून पैसे देणारा माणूस मिळाला. कुंडी घरातली, वाटाणा घरातला.

पण मला सांगायचं आहे ते सरस्वतीबाईंबद्दल, फाळक्यांच्या पत्नीबद्दल. मुंबईला दादरच्या घरी फाळक्यांच्या पहिल्या कथाचित्रपटाचं, ‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झालं. त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. कॅमेऱ्याच्या दात्यांत बसण्यासाठी तिच्या कडांना भोकं पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या आणि त्यांनी केलं. भांडवल कमी पडलं तेव्हा अंगावरचे दागिने दिले. सगळ्या कलाकार-कामगारांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. एवढ्या पंगतीचा रोजचा भात, वरण, भाकरी. डोळ्यांसमोर आणून बघा. आणि चित्रीकरण चालू असताना त्या उन्हात तासन् तास पांढरी चादर धरून उभ्या राहत.

पांढरी चादर! आत्ता आपण बाळाच्या गालाजवळ धरली, तीच. का धरत असत, ते नीट ऐका. तेव्हा दिव्यांवर चित्रीकरण नव्हतं, सगळं सूर्यावर. सूर्य डोक्यावर आला की कपाळ आणि नाक उजळतं, डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळोख साचतो. माणूस रडतोय की हसतोय, कळत नाही. त्यातून त्या काळची फिल्म तांबडा रंग जवळजवळ ओळखतच नसे, त्यामुळे आपली सावळी-तांबूस कातडी आणखीच काळी यायची. समोरून, जरा खालून पांढरी चादर धरली की ऊन तिच्यावर आपटून डोळ्यांत जातं, आणि डोळे दिसू लागतात. बोलपटाच्या आधीच्या सिनेमात डोळेच बोलायचे. तारामतीच्या डोळ्यांतलं पाणी लोकांना दिसलं, त्यात चादर धरणाऱ्या त्या हातांचा वाटा आहे.

तारामतीची गोष्ट तर आणखी सुंदर. स्त्री भूमिकेला बाई मिळेना. फाळक्यांनी सरस्वतीबाईंनाच विचारलं. त्यांनी नकार दिला, कारण आधीच इतकी कामं अंगावर होती. त्या उभ्या राहिल्या तर बाकीचं कोण बघणार? शेवटी तारामती झाले अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे. बघा, म्हणजे स्वयंपाकघर तिथेही मध्ये आलंच. आणि मूल? रोहिदास पडद्यावर मरतो, म्हणून कुणी आईबाप आपलं मूल द्यायला तयार होईनात. मग फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांनी हा चित्रपट पाहिला, आणि त्यानंतर फाळके आपलं सारं बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले.

आणि इथे, नाशिकच्या चित्रपट कंपनीत, १९१९ साली ‘कालिया मर्दन’ झाला. कृष्ण कोण? फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सात. त्या चित्रपटाची सुरुवात मला फार आवडते. कृष्ण लगेच येत नाही. आधी नुसता त्या मुलीचा चेहरा दिसतो आणि त्यावरचे भाव एकामागून एक बदलत जातात. मग तीच मुलगी कृष्णाच्या वेशात येते. लहान मुलाचा यापेक्षा चांगला पोर्ट्रेट मी पाहिलेला नाही. फोटो शिकणाऱ्या प्रत्येकाने ही दोन-तीन मिनिटं दहा वेळा बघावी. पाठीमागे खेळणी नाहीत, फुग्यांची कमान नाही. चेहरा आहे आणि चेहऱ्यावर उजेड आहे. आजकाल बाळाचे गाल कॉम्प्युटरवर घासून मेणासारखे गुळगुळीत करून देतात, ते मला मुळीच पटत नाही. गालावरचा डासाचा फोडसुद्धा राहू द्यावा. त्या आठवड्यात बाळ तसंच दिसत होतं.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच गेले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण मुलांना घेऊन जातो, त्यांचं नाव सांगतो. त्याच दमात सरस्वतीबाईंचंही नाव सांगा. फिल्मला भोकं पाडणारी, पंगत वाढणारी आणि उन्हात चादर धरणारी बाई म्हणून सांगा. मुलांच्या ते लक्षात राहतं.

गोष्टीत वेळ गेला, पण संक्रांत जवळ आली आहे, म्हणून बोरनहाणाचं तेवढं पटकन सांगते. काळं झबलं आणि पांढरा हलवा, दोन्ही एकाच फोटोत. काळा रंग जास्त दिसला की कॅमेरा फोटो उजळ करतो आणि हलवा व चेहरा दोन्ही फटफटीत येतात. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोन-तृतीयांश पायरी खाली घ्या. बाळाचा चेहऱ्याचा फोटो आधी काढा, डोक्यावरून ओतणं नंतर, कारण ओतल्यावर बरीच मुलं रडतात. ओततानाच्या फोटोला शटर सेकंदाचा १०००वा भाग, आणि ओतणाऱ्याने मागून ओतावं, म्हणजे हात चेहऱ्यावर येत नाही. लहान बाळ असेल तर ओतण्यात चुरमुरेच ठेवा. बोरं, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे बाजूच्या ताटात, मोठ्या मुलांसाठी. लहानग्याच्या घशात अडकतात. चुरमुरेही तो तोंडात घालणारच, तेव्हा एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवावं, दुसरं काही करू नये. आपल्याकडची द्राक्षं द्यायची तर उभी चिरून, एकाच्या चार फोडी करून. कॅमेरा थंडीतून गरम, वाफेच्या घरात आणला असेल तर अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

हलव्याचे दागिने अगदी शेवटी घाला, पाच मिनिटांसाठी. लाळेने साखर विरघळते, मान चिकट होते. उतरवल्यावर ओल्या मऊ फडक्याने मान आणि मनगटं पुसून कोरडी करा, आणि ते झबलं त्याच दिवशी धुवायला टाका, नाहीतर रात्रीतून मुंग्या लागतील.

नमस्कार.