मोर राहू दे

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. तिळगूळ वाटून झालाय, जेवणाला अर्धा तास आहे आणि तेवढ्यात मला उभं केलंय. सांभाळून घ्या.

मराठी शाळेच्या पालकांनी विषय दिला : मुलांना वाचनाची गोडी कशी लावायची? मला उपाय ठाऊक नाही. मला एक बाई ठाऊक आहेत.

सहावीत त्या आम्हाला मराठीला होत्या. शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. पुस्तकं खराब होतात म्हणून कायम कुलूपबंद! बाईंनी किल्ली मागून घेतली आणि नोंदवही माझ्याकडे दिली, कारण माझं अक्षर बरं होतं. कुणी काय नेलं ते लिहिता लिहिता मी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान वाचायला लागले. दुसरं पान मग राहवत नाही.

पण खरी गंमत निबंधाची. विषय नेहमीचा, 'पावसाळ्यातील एक दिवस'. मी गाईडमधून उतरवला : थुईथुई नाचणारा मोर, हिरवा शालू नेसलेली धरती. आमच्या गावात मोर कुणीच पाहिला नव्हता. वही परत आली तेव्हा मार्कांच्या जागी लाल शाईत एवढंच होतं, 'मोर राहू दे. तुझ्या घरी पाऊस आला की काय होतं?'

आमचं घर गळायचं. लाज वाटली, तरी लिहिलं. चुलीजवळ पातेलं, माजघरात घमेलं, देव्हाऱ्यापाशी तांब्या. तांब्या भरत आला की थेंबाचा आवाज बदलायचा आणि आई झोपेतून उठायची. शनिवारी सकाळच्या शाळेत बाईंनी तो निबंध नाव न सांगता वाचला. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "आमच्याकडे परात ठेवतात."

पुढे साने गुरुजींबद्दल वाचताना या बाईच आठवायच्या. गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाचं काम आलं तेव्हा मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढलं. दैनिक, म्हणजे रोज! 1928 साली 'विद्यार्थी' मासिक काढलं आणि 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. 'श्यामची आई' त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पण तो लिहिता हात मुलांसाठी रोज लिहून आधीच तयार झाला असणार, असं आपलं मला वाटतं.

आपण मुलांना 'मराठीत लिही' म्हणतो. आपली वाणसामानाची यादीसुद्धा इंग्रजीत असते. माझीही.

गेल्या रविवारी वर्गात विषय दिला, 'बर्फ पडला तो दिवस'. एका नऊ वर्षांच्या मुलीनं 'शव्हल' लिहून खोडलं आणि मराठी शब्द विचारला. मी 'फावडं' म्हटलं. तिनं लिहिलं, 'बाबा फावड्याने बर्फ काढतात. मग ते कुणाशी बोलत नाहीत.' बाबा इथेच बसलेत, म्हणून नाव सांगत नाही.

खाली मी लाल शाईत विचारलंय, 'का बोलत नाहीत?' वही उद्या परत यायची आहे.