ताटातला भात आणि बाकीचं जेवण

श्रोतेहो, नमस्कार.

वजन उतरवायचं ठरलं की आपल्याकडे पहिली गदा येते ती रात्रीच्या जेवणावर. "आजपासून रात्रीचं बंद," असं घरात जाहीर होतं. दोन-चार दिवस निभतं, मग एखाद्या रात्री उशिरा फरसाणाचा डबा उघडतो आणि जेवणात गेलं असतं त्याहून जास्त पोटात जातं. जे खरोखर उपाशी राहतात त्यांचा काटा झपाट्याने खाली येतो, पण त्यात चरबीबरोबर शरीरातलं पाणी आणि स्नायूही जातात. स्नायू घटले की शरीराला रोज लागणारी ऊर्जाही घटते. म्हणून नेहमीचं जेवण सुरू झालं की वजन परत येतं. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, याहून घाई नको.

हा विषय आपल्या गोव्यात जिव्हाळ्याचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यात प्रौढांमधल्या मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, 26.4 टक्के. चौघांत एक! वाढलेलं पोट हे त्यामागचं एक मोठं कारण असतं.

मग शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, सोडायचं का? मुळीच नाही. दुपारचं आपलं ताट डोळ्यांसमोर आणा. मधोमध उकड्या तांदळाच्या भाताचा ढीग, त्यावर हुमण, बाजूला रव्यात घोळून तळलेला बांगडा आणि कडेला चमचाभर तांबडी भाजी. या ताटातला एकही पदार्थ वाईट नाही, वाटणी तेवढी उलटी झाली आहे. भाजी वाटीभर घ्या, जमलं तर दोन वाट्या. भात ढिगाने न वाढता वाटीने मोजा. शिजलेल्या भाताच्या एका मध्यम वाटीत सुमारे दोनशे कॅलरी असतात, आणि बोलता बोलता तीन वाट्या कधी संपतात ते कळत नाही. जेवायला बसलात की आधी भाजी आणि मासळी खा, भात नंतर घ्या. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून सावकाश जेवा. दुसऱ्यांदा भात घेण्याआधी थोडं थांबा, पुष्कळदा तो लागतच नाही.

मासळी तर आपलं भाग्यच. तारले, बांगडे यांत उत्तम प्रथिनं असतात आणि प्रथिनांनी पोट बराच वेळ भरलेलं राहतं. तळण मात्र रोज नको. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळजवळ 120 कॅलरी. तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण करा, त्यात खोबरं थोडं हात राखून घाला. सोलकढीऐवजी कधी नारळाच्या रसाशिवायची फुटी कढी करा.

शिवराक, म्हणजे शाकाहारी, दिवशी मला जास्त काळजी वाटते. सोमवारी मासळी जाते आणि तिच्या जागी काय येतं? तळलेल्या फोडी, पापड आणि आणखी भात. त्या दिवशी मोड आलेल्या मुगांची मुगागाठी करा, आळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीचा रस्सा, करा, कुळीथ करा. आपल्या आज्या हे रांधत आल्या आहेत आणि आजही त्याला तोड नाही.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की पोळी, म्हणजे आपला कोंड्याचा पाव, घ्यायला हरकत नाही, पण ती फोडून आत बघा. कोंडा नुसता वरून भुरभुरलेला आणि आतून पांढरीशुभ्र असेल तर तो मैद्याचाच पाव समजा. नाचणीची आंबील किंवा घावन हा त्याहून चांगला नाश्ता.

आता चहा. दिवसातून पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 50 ग्रॅम झाली. दिवसभरात सगळी मिळून 25 ग्रॅमच्या आत साखर असावी, असा सल्ला दिला जातो. एकदम फिका चहा कुणालाच जमत नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही. चहाबरोबरचा बन आणि भजी आठवड्यातून एकदा ठेवा, आणि त्या दिवशी मनापासून खा. चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्याही, जरूर खा, फक्त डबा भरून पंधरवडाभर पुरवू नका.

रोज वजनाच्या काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, अनशापोटी पुरे. त्याबरोबर बेंबीजवळ पोटाचा घेर टेपने मोजा. पुरुषांचा 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांचा 80 सेंटीमीटर यापुढे गेला असेल तर लक्ष घालायला हवं, मग वजन कितीही असो.

एक कळकळीची विनंती. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध तेवढंच राहिलं आणि जेवण घटलं, तर रक्तातली साखर एकाएकी खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनीही स्वतःच्या मनाने जेवण कमी करू नये. तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात विचारा, वजन आणि रक्तदाब तिथे तपासून मिळतो.

नमस्कार.