तुई (नारळाचं दूध) आधीचं आणि तुई नंतरचं : झांझिबारचा नारळातला बीफ रस्सा

हे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचं, स्टोनटाऊन या जुन्या शहरातलं दाराजानी मार्केट, १९०४ सालची इमारत. सकाळी आत शिरलं की एका बाजूला मासळी, दुसरीकडे मटणबीफचे ठेले आणि बाहेर मसाल्यांच्या पुड्या. आपल्याला हवंय बीफ, हाडासकट, एक किलो. इकडची गुरं वशिंडाची, मोकळ्यावर चरून वाढलेली, म्हणून मांस चवदार पण चिवट, घाई केली तर दातात अडकणार. त्यामुळे हा रस्सा दोन तासांच्या आत होत नाही, आधीच सांगून ठेवते.

लवंग घेतली फक्त तीनचार. लवंगेच्या बेटावर एवढीच? हो, जास्त घातली तर बाकी काही लागतच नाही. तसं हे झाड मूळचं इथलं नाहीच, १९व्या शतकाच्या सुरवातीला आलं, पुढे ओमानचा सुलतान सय्यद सईद याने त्याचे मळे वाढवले आणि ते मळे राबवले गुलामांनी. इथला गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला, ती जागा या मार्केटपासून चालत काही मिनिटांवर आहे. मसाल्यांच्या टूरमध्ये लवंगेचा वास सगळ्यांना देतात, हा भाग मात्र पटकन उरकतात.

आता घरी. कोळशाची शेगडी, तिला जिको म्हणतात, आणि वर सुफुरिया, म्हणजे बिनकानाचं ॲल्युमिनियमचं पातेलं. मांस, आलं, लसूण, मीठ, पाणी, आणि झाकण. तासभर तरी तिकडे बघायचं नाही.

तेवढ्यात नारळ. बीबी, म्हणजे घरातली आजी, म्बुझीवर बसली. घडीचं लाकडी स्टूल, पुढे दातेरी पातं, कोकणातल्या माणसाला खोवणी लगेच ओळखू येईल. दोन नारळ खोवून झाले की कोमट पाणी घालून चव कुस्करायचा आणि किफुम्बूतून, म्हणजे पातींच्या विणलेल्या लांबट गाळणीतून, पिळायचा. पहिल्या पिळ्याचं दूध घट्ट, जेमतेम दीड कप, ते झाकून बाजूला. मग त्याच चवात परत पाणी, परत पिळायचं, हे पातळ. दोन्हीला तुईच म्हणतात, पण दोघांची वेळ वेगळी आणि सगळा रस्सा त्या वेळेवरच उभा आहे.

मांस मऊ व्हायला लागलं की दुसऱ्या पातेल्यात कांदा परतायचा, चांगला तांबूस, मग लसूण, टोमॅटो, हळद, जिरं, दालचिनी, वेलची, त्या चार लवंगा. टोमॅटो पार विरघळून तेल सुटेपर्यंत थांबायचं, कारण कच्चा आंबटपणा राहिला की पुढे दूध फाटायची भीती. मग मांस, त्याचं पाणी, बटाटे आणि पातळ तुई. हे खुशाल उकळू दे, त्यात स्निग्धांश कमी, बिघडायला फार काही नाही.

घट्ट तुई एकदम शेवटी. बीबीने शेगडीतले निखारे बाहेर ओढले, आच बारीक केली, दूध ओतलं आणि चमचा थांबवलाच नाही, कारण जोरात उकळी आली की दुधातली प्रथिनं गोळा होतात, तेल वेगळं होतं आणि रश्श्यावर दाणेदार साय तरंगते. खाता येतो तसाही, पण पाहुण्यांना वाढणार नाही कोणी. कडेला बारीक बुडबुडे दिसले, झालं, उतरवा. लिंबू ताटात पिळायचं, पातेल्यात नाही.

आणि हे सगळं किनाऱ्याचं हं! लामू, मोंबासा, झांझिबार, जिथे नारळ तिथे हा रस्सा. नैरोबीकडे गेलात तर साधा टोमॅटोकांद्याचा रस्सा मिळेल, युगांडात शेंगदाण्याचा, आणि पूर्व आफ्रिकन स्टू म्हणून तिन्हींना एकाच नावाखाली कोंबणाऱ्या रेसिपी वाचल्या की मला जरा चिडायला होतं.

सोबत नारळाच्या दुधातला भात. त्याच्या झाकणावर निखारे ठेवतात, वरूनखालून आच, आणि तळाला लागलेल्या खरपुडीसाठी पोरांची भांडणं. चपातीही चालते.

डब्यातलं नारळाचं दूध आता इथेही सर्रास मिळतं. ते सहसा फाटत नाही, कारण त्यात बऱ्याचदा ग्वार गम असतो, आपल्या गवारीच्या बियांचा. सोय आहे, नाही म्हणणार नाही, कामावरून सात वाजता घरी आलेली बाई नारळ कुठे खोवत बसणार. बीबीने एकदा वापरून पाहिलं, रस्सा घट्ट झाला, फाटला नाही. पण तिला वास आला नाही म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी म्बुझी परत बाहेर.